मंडळींनी आवळलेला ब्रेक

थांबा, हे आत्ताच लिहायचंय. हाताला अजून ग्रीस आहे, की-बोर्डला लागतंय, लागू दे. उशीर केला तर आजोबांची वाक्यं डोक्यातून निसटतील, आणि ती निसटता कामा नयेत!

झालं असं की आज सकाळी पुनावळ्याला, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मी माझ्या गाडीचा हँडब्रेक आवळत होते. रॅम्पवर उभी केली की गाडी हळूच मागं सरकायची. दांडा नऊ-दहा खट् वर ओढला तरी सरकायची. म्हणून मग पुढच्या चाकांना विटा, मागची चाकं वर, सीटच्या मधलं झाकण काढलेलं आणि हातात दहाचा पाना. आजोबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघत होते. आजोबा निवृत्त पोलीस अधिकारी, नव्वदीच्या पुढचे. हल्ली दिवसभरात मोजकंच बोलतात.

शेजारच्या गाडीचे काका आले आणि म्हणाले, "अगं, घरात कुणी नाहीये का? भावाला बोलव की!"

मी काही बोलायच्या आत आजोबा हसायला लागले. इतके हसले की डोळ्यांत पाणी. मग म्हणाले, "मंडळींनी आवळला! सायेब, मंडळींनी आवळला!" काका बिचारे निघूनच गेले. मी पाना खाली ठेवला आणि म्हटलं, आजोबा, सांगा. कोण मंडळी?

त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत टाकतेय. मी फक्त टाइप केलंय.

*

ती गाडी मला अजून दिसते, पोरी. काळी, विलायती, नाकावर ऊन घेऊन उतारावरून येणारी. आणि आवाज नाही! तेच विसरता येत नाही बघ. इंजिन बंद. मोटार म्हणजे आधी आवाज आणि मग मोटार, अशी लोकांना सवय. ही आपली झोपेत चालल्यासारखी आली. चाकणचा बाजार भरलेला होता. माणसं बाजूला सरकली तीसुद्धा शांतपणे, जशी गाय आली की सरकतात. कुणी ओरडलंच नाही. पहिला आवाज झाला तो मडकी फुटल्याचा.

मी चौकीच्या ओट्यावर उभा होतो, नवा फौजदार. पन्नासच्या दशकातली गोष्ट ही. तेव्हा पिंपरीपासून चाकणपर्यंत शेतं होती, मधे एखाद-दुसरी कारखान्याची चिमणी. मोटारी इतक्या कमी की कुठली कुणाची ते लोकांना तोंडपाठ. ही होती चिंचवडच्या एका कारखानदारांची. वजनदार गृहस्थ, दोन्ही अर्थानं. गुडघे गेलेले, हातात चांदीच्या मुठीची काठी.

मी धावलो. लाल खापऱ्यांचा खच पडलेला, त्यात ऊन चमकत होतं, आणि मधोमध कुंभार बसलेला. चाक त्याच्या पायावरून गेलं होतं. तो पायाकडं बघतच नव्हता. एक रांजण तेवढा शाबूत राहिला होता, त्यावर हात ठेवून म्हणत होता, "ह्यो वाचला, ह्यो वाचला."

त्याला बैलगाडीतून दवाखान्यात पाठवला. पंच बोलावले, जागेचा पंचनामा केला. गाडीच्या दोन सीटांच्या मधला हँडब्रेकचा दांडा खाली पडलेला होता. गिअर न्यूट्रलला. उतारावर, वडाखाली, गाडी उभी होती तिथं चाकांचे ठसे. बस्स. लिहायला एवढंच.

मालक म्हणाले, "मी उतरलो, चार पावलं गेलो, मागं बघतो तर गाडी नाही! यानं ब्रेकच लावला नसणार."

ड्रायव्हर पान आणायला गेला होता. खेडच्या बाजूचा गडी, तीस-बत्तीसचा, खाकी कोट, पांढरी टोपी. पान हातात धरून उभा होता, ते द्यायचंही विसरला होता. म्हणाला, "लावला व्हता सायेब. सहा खट् मोजून लावला व्हता."

"सहा खट्?"

"दांडा वडला की खट् खट् वाजतो न्हवं का? सहाव्याला चाक धरतंय. मी मोजल्याबिगर खाली उतरतच न्हाई."

"मग दांडा खाली कसा?"

तो पुन्हा बोटांवर सहा मोजायला लागला.

गुन्हा नोंदवला. गाडी निष्काळजीपणानं उभी करून माणसाला जबर दुखापत. जामिनावर सोडला, पण लायसन जप्त करून माझ्या टेबलाच्या खणात. मालकांनी त्याच दिवशी कामावरून काढला. कुंभाराचा पाय वाचतो का जातो, डॉक्टर सांगत नव्हते. शिक्षा झाली की लायसन कायमचं गेलं. आणि ड्रायव्हरचं लायसन गेलं की राहतं काय? खाकी कोट.

रोज हजेरीला यायचा. बाकावर बसायचा आणि त्या खणाकडं बघायचा.

दोन दिवसांनी खबर आली. हॉटेलात चहा पिणारा दुसरा एक ड्रायव्हर जमादारांच्या कानाशी लागला, "जमादार, त्यानं ब्रेक गॅरेजात न्हाई दाखवला. मागल्या आठवड्यात घरीच आवळून घेतलाय."

आता मला धागा सापडला! घरी म्हणजे कुणातरी अर्धवट माणसाकडून. ब्रेक चुकीचा आवळला, दांडा सटकला, गाडी गेली. तो माणूस शोधायचा, की केस पुरी. मी ताठ बसलो. जमादार जबाब लिहायला बसले. हे जमादार म्हणजे चार मुलांचे बाप, अक्षर मोत्यासारखं.

"ब्रेक घरी आवळलास?"

"व्हय सायेब."

"कुणी आवळला?"

"मंडळींनी."

जमादारांनी लिहिलं, 'सदर ब्रेक मंडळींनी आवळला.'

"मंडळी कुठली?"

"जुन्नरकडची."

"आता कुठं आहेत?"

"गावाला गेलीत. हे इपरीत घडलं त्याच्या आदल्या दिशी."

जमादारांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. आदल्या दिवशीच! फरारी टोळी!

"परत कधी येणार?"

"कसं सांगू? तिकडचं काम उरकलं की."

"नाव सांग."

तर हा गडी लाजला! टोपी काढली, हातात फिरवली, कानापर्यंत लाल झाला. "नाव कसं घ्यायाचं सायेब, चारचौघांत."

मी टेबलावर हात आपटला. "घाबरतोस काय त्यांना?"

त्यानं खरंच विचार केला. म्हणाला, "तसं बघितलं तर... थोडं थोडं."

*

(मी इथं इतकी हसले की ऐकता ऐकता पुन्हा हातात घेतलेला पाना पायावर पडला. आजोबा, तुम्हाला कळलं नाही?? तेव्हा तर सगळेच बायकोला मंडळी म्हणायचे! आजोबा म्हणाले, "तेच तर सांगतोय. जमादार स्वतः दिवसातून दहादा 'आमची मंडळी' म्हणायचा. डब्यात काय आहे विचारलं, तर मंडळींना माहीत. पण ब्रेक, पाना, नट हे शब्द आले आणि त्याच्या कानातली मंडळी मिशा लावून बसली. माझ्यासुद्धा." पुढं त्यांच्याच शब्दांत.)

*

मी जुन्नरला शिपाई पाठवला. ब्रेकचं काम करणारी, नुकतीच चाकणकडून आलेली माणसं शोधून काढ म्हणून. बिचारा चार दिवस हिंडला. जिथं म्हणून लोखंडाला लोखंड लागल्याचा आवाज येतो तिथं तिथं जाऊन आला. लोहार, पंपवाले, सायकलवाले. परत आला तेव्हा त्याच्या बुटावरची धूळ झटकून जात नव्हती.

"साहेब, तिकडं कुणीच नाही. चाकणला कुणी गेलंच नव्हतं."

ड्रायव्हर तेव्हा बाकावरच होता, हजेरीला आलेला. दुपारची वेळ. बाहेर बैल रवंथ करत होते, वडाची सावली ओट्यावर आली होती, आणि भिंतीवरचं घड्याळ तेवढं चालू होतं. मला वाटलं, आपण सगळेच कुणाच्या तरी स्वप्नात बसलोय आणि तो माणूस उठायला तयार नाही.

मी शेवटचं म्हणून विचारलं, "तुझ्या मंडळींचं तिकडं काम तरी कसलं आहे रे?"

"बाळंतपण, सायेब."

घड्याळाचा आवाज एकदम मोठा झाला.

"कुणाचं?"

"धाकट्या बहिणीचं. मंडळींच्या."

जमादारांची लेखणी थांबली. कागदावर शाईचा ठिपका पडला आणि पसरत गेला. त्यांच्या मोत्यांच्या ओळीत तेवढी एकच काळी तीट.

"तुझी बायको?" मी विचारलं. "ब्रेक तुझ्या बायकोनं आवळला?"

"व्हय की!" तो चकित होऊन म्हणाला. "पयल्या दिसापासून तेच सांगतोय न्हवं का!"

खरंच सांगत होता. सगळं खरं, सगळं पहिल्याच दिवशी, माझ्याच फाइलमध्ये, जमादारांच्या अक्षरात. आणि त्याचं लायसन आठवडाभर माझ्या खणात.

*

निरोप धाडला, ती तिसऱ्या दिवशी आली. नऊवारी नेसलेली, काटकुळी, कपाळावर मोठं कुंकू, हातात कापडाची पिशवी. ओट्यावर चढली, बाकावरच्या नवऱ्याकडं एक नजर टाकली आणि म्हणाली, "वाळलात की. जेवन व्हतं का न्हाई?" मग मला, "गाडी कुठाय?"

मी म्हटलं, "बाई, आधी जबाब."

"आधी गाडी बघू. न बघता काय सांगू?"

मुद्देमाल म्हणून गाडी चौकीमागं उभी होती. तिनं पिशवीतून दोन पाने आणि गोणपाट काढलं. गोणपाट अंथरलं, पदर खोचला आणि गाडीखाली गेली. नुसती पावलं बाहेर. आम्ही पाच पोलीस त्या जोडव्यांकडं बघत उभे!

आतून आवाज आला, "फौजदारसायेब, या हिकडं."

गेलो. खाकीतला फौजदार जमिनीवर उताणा. आत सावली, तेलाचा वास आणि एक प्रकारची शांतता. तिनं बोट दाखवलं. ब्रेकच्या तारेला जिथं नट आवळतात, तिथं नटावरून खालच्या सळईवर एक लाल रेघ ओढलेली होती. सरळ, अखंड.

"शेंदूर हाय," ती म्हणाली. "तेलात कालवून लावते. दसऱ्याला हत्यारांना लावत्यात त्यातलाच. नट आवळला, त्यो हालू नये म्हनून मागनं चेकनट आवळला, की वरनं रेघ. नट केसभर जरी फिरला तरी रेघ मोडती. मोडलीया का?"

मोडली नव्हती.

तिचे वडील लष्करी गाड्यांचे मिस्त्री होते. उजव्या हाताची बोटं मशिनच्या पट्ट्यात गेली, तेव्हापासून डोकं त्यांचं आणि हात हिचे. कसं आवळलं तेही तिनं सांगितलं. चाक उचलायचं, दांडा तीन खट् वर ठेवायचा, चाक हातानं फिरवत फिरवत नट घ्यायचा, चाक जड लागलं की थांबायचं. "मग दांडा सोडून बघायाचा, चाक मोकळं फिरलं पायजे. जास्त आवळला की ब्रेक जळतो. मानसाला वाटतं, आवळला म्हंजी चांगलं."

आणि मग सहज म्हणाली, "तसा ढिला न्हवताच फारसा. म्या ह्यांना तवाच म्हनले. दोनच आटे घेतले."

मी बाहेर आलो, पाठ झटकली आणि ड्रायव्हरला विचारलं, "ढिला नव्हता तर आवळायला का सांगितलंस?"

"सायेब, सटकायचा की! उतारावर सहा खट् लावून जायाचो आन परत येऊन बघतो तर दांडा खाली. चार-पाच डाव झालं."

"आणि गाडी गेली नाही?"

"चाकाखाली दगूड ठेवायचो. हँडल मारून चालू करावी लागती, म्हनून गिअरात ठेवत न्हवतो. दगूडच ठेवायचो." त्याचा आवाज बारीक झाला. "ह्या बारीला न्हाई ठेवला. मंडळींनी आवळला व्हता न्हवं. म्हनलं, आता दगूड कशाला."

ती पदराला हात पुसत राहिली. पण मी बघितलं, तिनं तोंड फिरवलं होतं.

गाडी वडाखाली नेली, त्याच जागी. दांडा सहा खट्. चार शिपाई मागून ढकलतायत, गाडी हलायला तयार नाही. म्हणजे ब्रेक पक्का. म्हणजे दांडा कुणीतरी खाली केला होता. कोणी? भूत?

मालकांना बोलावलं. ते आले, माझ्यासमोर खुर्चीत बसले, रागावूनच होते. "अजून काय चौकशी? बायकोला गाडीखाली घालतो हा माणूस, हेच पुरेसं नाही का?" मी म्हटलं, "बरोबर आहे, या आपण." ते उठायला लागले.

आणि मी बघत राहिलो.

जड माणूस. उठताना उजव्या हातानं काठी आधी जवळ ओढली, अंगठा मुठीच्या डोक्यावर दाबून धरला आणि सगळा भार खाली टाकून उठले.

मी विचारलं, "शेठ, गाडीत आपण मागं बसता का पुढं?"

"पुढं. मागचं दार अरुंद आहे, गुडघा जात नाही."

"एकदा बसून दाखवता?"

वडाखाली गाडी उभी होती. या वेळी चाकाखाली दगड ठेवला, तिनंच शोधून आणला. ड्रायव्हरनं दांडा ओढला. सगळ्यांनी मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मालक शेजारी बसले. मी म्हटलं, "उतरा आता, नेहमीसारखे."

काठी डाव्या हातात. उजव्या हातानं त्यांनी आधारासाठी मधला दांडा धरला, जवळ ओढला, अंगठा बरोबर त्याच्या टोकावरच्या, ब्रेक सोडायच्या बटणावर, आणि भार खाली टाकून ते उतरले. दांडा त्यांच्या हाताबरोबर खाली गेला. खट् नाही, काही नाही. गाडी दगडाला जाऊन टेकली. मऊ, मांजर अंगाला घासतं तशी.

मालकांनी आधी दगडाकडं बघितलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडं. फार वेळ. वडावरून एक पान फिरत फिरत बॉनेटवर पडलं, तेवढंच काय ते हललं.

"इतके दिवस..." ते म्हणाले.

"दगूड धरत व्हता," ती म्हणाली.

मी कागद काढला. मला वाटलं, आता ओळखी सांगतील, वरून दडपण आणतील. पण ते चौकीत परत आले, बसले, आणि म्हणाले, "लिहा. दांडा माझ्या हातून सुटला. माझं नाव लिहा." माणसाला ओळखतो असं मला तेव्हा वाटायचं, पोरी. त्या आठवड्यात मी दोनदा चुकलो.

मग तिचा जबाब. जमादारांनी नवा कागद घेतला. नाव, वय, राहणार. मग रकाना आला, 'धंदा'. जमादार अडले. मिस्त्री लिहावं तर बाई. बाई लिहावं तर ब्रेक. शेवटी विचारलं, "बाई, धंदा काय लिहू?"

"घरकाम," ती म्हणाली.

जमादार म्हणाले, "अहो पण ब्रेक..."

"त्यो बी घरीच आवळला की! घरकामच लिवा."

मी खण उघडला, लायसन काढलं आणि तिच्या समोर ठेवलं. तिच्या, त्याच्या नाही. तिनं ते पदरानं पुसलं आणि नवऱ्याला दिलं. "धरा. आन दगूड ठेवत जावा. ब्रेक कितीबी चांगला असू द्या."

कुंभाराचा पाय वाचला, थोडा लंगडा राहिला. दवाखान्यातून त्याला घरी आणलं ते त्याच काळ्या गाडीतून. चालवत होता हाच ड्रायव्हर, शेजारी कुंभार, आणि मालक मागच्या अरुंद दारातून आत, गुडघा दुमडून. चाकणातनं गाडी गेली तेव्हा मी ओट्यावर होतो. या वेळी इंजिनाचा आवाज होता. तरी मला ती आजतागायत आवाजाशिवायच दिसते.

पुढं पुष्कळ वर्षं नोकरी केली, मोठे गुन्हे उघड केले. पण जबाब घेताना एक सवय लागली. माणूस बोलला की त्याचंच वाक्य त्याला परत विचारायचं, "म्हणजे कोण? म्हणजे काय?" लपवणारी माणसं कमी असतात गं. बहुतेक लोक पहिल्याच दिवशी सांगून टाकतात. आपण मात्र आपल्या मनातल्या माणसाला हुडकत जुन्नरपर्यंत शिपाई पाठवतो.

*

एवढं बोलून आजोबांनी माझ्या गाडीच्या दांड्याकडं बोट केलं. मी दांडा ओढला आणि आम्ही दोघांनी मिळून मोजलं. सहाव्याला चाकानं धरलं! सहाव्याला!! मग स्वयंपाकघरातून कुंकवाची डबी आणली, दोन थेंब तेल घातलं आणि नटावर एक रेघ ओढली. शेंदूर नव्हता घरात.

मागची चाकं खाली टेकवली, डबी घरात ठेवून परत खाली आले तेव्हा आजोबा खुर्चीतून उठून, वाकून, माझ्या मागच्या चाकाखाली वीट सरकवत होते.

आत्ता थोड्या वेळापूर्वी शेजारचे काका लिफ्टमध्ये भेटले. "झाला का ब्रेक? कुणी केला शेवटी?" म्हटलं, मंडळींनी. ते म्हणाले, "हां, मग बरं झालं, चार माणसं असली की काम होतं."

तुमचं झालंय का असं कधी? तुम्ही सरळ, साधं, खरं सांगितलंत, आणि ऐकणारा तुमच्यासमोर उभा राहून दुसऱ्याच कुणाला तरी शोधत राहिला? सांगा ना, आजोबांना वाचून दाखवते.